सहतेनकाकूंचा आग्रह

सहतेनकाकूंकडे जेवायला जायचं म्हणजे सकाळपासून पोट रिकामं ठेवावं लागे. पानात काही टाकायचं नाही ही माझी पुणेरी शिकवण, आणि पान रिकामं म्हणजे पाहुणा उपाशी ही त्यांची सीरियातली. मी पुसून खायची, त्या पुन्हा वाढायच्या. वाढताना 'सहतेन' म्हणायच्या, म्हणजे तुला दुप्पट आरोग्य लाभो. त्यांचं खरं नाव सिंगापुरातल्या आमच्या बुकित बातोकच्या कॉन्डोत कोणी घेतच नसे.

घरात त्या आणि नवरा, स्वयंपाक मात्र लग्नघरासारखा. हम्मस, वांग्याचं भरीत, भात भरलेली द्राक्षाची पानं, सगळं मधोमध मांडलेलं. रोटीचा तुकडा मोडायचा आणि सगळ्यांनी एकाच ताटलीत बुडवायचा. उष्ट्याच्या विचाराने मी घुटमळले तर माझी लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, जस्ट ईट लाह!"

काकू पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तेव्हा मी चहा विचारला. त्या "नको" म्हणाल्या आणि मी गॅस बंद करून मोकळी. पुढे ओळख वाढल्यावर हसत म्हणाल्या, "पोरी, आमच्यात पहिला नकार शिष्टाचाराचा, दुसरा संकोचाचा. तिसरा तेवढा खरा. तू मला तशीच घरी पाठवलीस!" त्या दिवसापासून मी आग्रह करायला शिकले.

मग तिकडे युद्ध पेटलं आणि त्यांच्या गावाला वेढा पडला. म्हातारी आई आत अडकली. फोन लागला की काकूंचा पहिला प्रश्न, "जेवलीस?" आई म्हणे, "जेवले, देवाची कृपा." पुन्हा विचारलं तरी तेच, आणखी विचारलं तरी तेच. फोन ठेवून काकू म्हणत, "तिसऱ्यांदाही खोटं बोलली." आणि आमच्यासाठी टेबल मांडायला उठत. स्वतः मात्र घास घेत नसत. नकोसं वाटलं तरी आम्ही पान संपवत असू; त्यांना नाही म्हणायची हिंमत कोणाला होती?

एका रविवारी मी तिथंच होते. फोन लागला, काकूंनी नेहमीचं विचारलं आणि एकदम खुर्चीत बसल्या.

"पहिल्याच खेपेला म्हणाली, भूक लागलीये." त्यांच्याकडे बघवत नव्हतं. "माझ्या आईने हे आयुष्यात कधी कोणाला सांगितलं नाही. आता ती काही वाचत नाही."

तसंच झालं. पुढचा फोन आईच्या शेजाऱ्याचा आला.

आपल्याकडे सुतकाच्या घरी शेजारून पिठलं-भात जातो, तसा मी नेला. टेबलावर त्यांच्यात दुखवट्याला देतात त्या बिनसाखरेच्या कॉफीचे कप होते, बाकी काही नाही. काकू म्हणाल्या, "नको." मी म्हटलं, "काकू, दोनच घास." त्यांनी माझा हात धरला.

"शेवटी तिला कोणी जेवायला विचारलं असेल का गं?"

मला रडू आवरेना. भात कालवून मी एक घास त्यांच्या हातावर ठेवला. तो मुठीत धरून त्या तशाच बसून राहिल्या.