वास गेलो, उतरय!

गंधकाच्या लॅबमधले किस्से सांगायला बसलो की बायको म्हणते, "आधी जेवून घ्या!" बरोबर आहे तिचं. एक काढला की मागचे आपोआप येतात, आणि हसता हसता जीव कसनुसा होतो.

आमचं काम सांगायला सोपं. गंधकाचं एक घाणेरड्या वासाचं संयुग घ्यायचं, व्हॅनेडियमचा कॅटॅलिस्ट घालायचा, वरून पेरॉक्साइड सोडायचं आणि ऑक्सिजनचा एकच अणू चिकटवायचा. दुसरा चिकटला की माल फुकट!

लॅब गोव्यात. संध्याकाळी मी साखळी गावाच्या बसमध्ये चढलो की शेजारची बाकं रिकामी होत. एकदा कंडक्टरने लांबूनच हात पुढे करून तिकीट दिलं.

"खंय काम करता तू?"

"लॅबमध्ये."

"मेल्ल्या उंदरांच्या?"

अख्खी बस हसली. मीही हसलो, पण दुसऱ्या दिवसापासून मागच्या दाराशी उभा राहू लागलो.

* * *

पेडण्याचा दामू म्हणजे आमच्या लॅबचं नाक. माल तपासायचं मशीन सदा बंद! एक अणू चिकटला की वास जातो, म्हणून दामू फ्लास्क हुंगायचा आणि चुलीवरचा भात असावा तसा ओरडायचा, "वास गेलो! उतरय!" लॅबच्या सरांचा मशीनपेक्षा त्याच्यावर भरवसा. त्याची हंगामी नोकरी त्या नाकावरच टिकून होती.

* * *

मराठी की कोकणी, यावरून गोवा पेटला होता. आंदोलकांनी रस्त्यांवर झाडं आडवी टाकली आणि दोन दिवस लॅबला कोणीच पोचलं नाही. इकडे पेरॉक्साइड थेंब थेंब पडतच राहिलं. तिसऱ्या दिवशी पाहतो तर सगळ्या मालाला दुसरा अणू चिकटलेला! तीन महिन्यांची मेहनत पाण्यात.

सर खुर्चीत बसून म्हणाले, "बाहेर कोणी थांबेना, आणि आत थांबवायला कोणी नव्हतं."

त्या दिवशी चहासुद्धा कोणी मागवला नाही.

* * *

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला तेव्हा लॅबमध्ये पेढे वाटले. दामूने अर्धा खाऊन ठेवला.

"काय रे, बरा नाही?"

"साकर कळता. पेढो कळना." मग हळूच म्हणाला, "सरांक सांगू नको हां. घरात बायल गुरवार आसा."

बायको पोटुशी, आणि याचं नाक गेलेलं! मी नाही सांगितलं. महिनाभर त्याच्याआधी मीच फ्लास्क हुंगायचो आणि वास गेला असला तर मान हलवायचो. मग तो ओरडायचा, "उतरय!"

एक दिवस मला यायला उशीर झाला. दारात पाऊल टाकलं तर वासाने डोकं भणभणलं, आणि दामू फ्लास्क हातात घेऊन सरांना सांगत होता, "वास गेलो, सर!"

सरांनी नाकावर रुमाल धरला होता. त्यांनी फ्लास्क त्याच्या हातातून काढून घेतला. महिनाअखेरीला दामू पेडण्याला गेला तो गेलाच. माझं मन मला फार खात होतं.

* * *

मी आणखी दोन वर्षं तिथेच काढली. मग दामूच्या दुसऱ्या मुलीच्या बारशाला पेडण्याला गेलो. पाळणा म्हणून झाला, बायका उठल्या, तसा तो बाळाला घेऊन माझ्याकडे आला.

"सगळे म्हणतत, टाळवेक बरो वास येता. थोरलीचो माका कळलोच ना. तुझा नाक बरा आसा. हिचो कसो येता, सांग मरे!"

मी टाळूला नाक लावलं. डोळे मिटून पुन्हा लावलं. कसलाच वास आला नाही.

दामू माझ्या तोंडाकडे बघत होता. बाळाची टाळू चकचकत होती.

"खोबरेल तेलाचा," मी म्हटलं.

"आनी?"