तांबड्याचा खुराक

सन दोन हजार तेवीस. मला एकाहत्तरावं लागलं होतं आणि गाडामालक माझ्याहून एका यात्रेनं मोठा. त्या साली त्यानं मोटारीला बैलाचा खुराक लावला.

गाडामालक हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. आमच्या महाळुंग्यात ते नाव आता कुणाला आठवतही नाही. उभी हयात त्याचे बैल यात्रांच्या घाटात पळाले. घाट म्हणजे शर्यतीचा चढ, आणि त्यावरची एक धाव म्हणजे बारी. सपाटीवर कुणीही पळतं, त्याला आम्ही शर्यत म्हणत नाही. शर्यतींवर बंदी आली तेव्हा तो गाडामालक, आणि बंदी उठेपर्यंत गुडघे गेले तरी तो गाडामालकच. बैल आवरेनात तेव्हा त्यानं शेवटची जोडी विकली, काही दिवस धड जेवला नाही, आणि मग एका दुपारी पुण्याहून मोटार घेऊन आला.

मोटार लाल, दोन दारांची, पोट जमिनीला टेकेल इतकी ठेंगणी. टर्बो का काय म्हणतात तसली, शर्यतीच्या जातीची. आधी ती कुणा बिल्डरच्या मुलाची होती. त्यानं इंजिनात फेरफार करून ताकद आणखी वाढवून घेतली होती. कंपनीचं नाव विलायती, ते म्हणायचा आम्ही दोघांनी प्रयत्न केला आणि सोडून दिला. मालकानं तिचं नाव ठेवलं तांबड्या. निघायच्या आधी तो बॉनेटवर थाप मारायचा, वळणावर 'हळू रं माज्या राजा' म्हणायचा, आणि घरी आला की टायरांवर पाणी मारायचा, पाय थंड व्हावेत म्हणून.

त्याचा मुलगा पुण्यात बाराव्या मजल्यावर राहतो. वहिनी गेल्यापासून म्हातारा गावात एकटा, त्यात ही मोटार. मुलाच्या जिवाला घोर लागला. एका रविवारी येऊन त्यानं माझ्यादेखत बापाला अट घातली. "दादा, चैत्राच्या यात्रेला गाडी स्वतः घाटावर न्या आणि तशीच परत आणा. जमलं, तर राहा गावात, मी परत शब्द काढणार नाही. नाही जमलं, तर गाडी विकायची आणि माझ्याकडं यायचं."

"लागली," मालक म्हणाला. शर्यतीत पैज घेताना म्हणतात तसंच.

आता त्याला जिंकायचं होतं ते गावात मरण्यासाठी, हे मला समजत होतं. म्हणून मी पेट्रोलात लक्ष घातलं. नाहीतर मला काय पडलंय. मी तिसरीपर्यंत शिकलो, पण आकडे वाचता येतात, आणि तांबड्याच्या टाकीच्या झाकणाच्या आत आकडा स्वच्छ लिहिलेला होता. कमीत कमी पंचाण्णव, ऑक्टेन का काय म्हणतात त्याचा. पंपावर साधं पेट्रोल मिळतं ते एक्क्याण्णवचं, आणि पंचाण्णवचं मिळतं त्याचा पाइप वेगळा, भावही वेगळा. मी मालकाला झाकण दाखवलं.

"हे लिवणाऱ्यानं कधी बैल पाळलाय का?" त्यानं विचारलं.

"त्यानं मोटार बनवलीय."

"मंग त्याला मोटारीचं कळतं. खुराकाचं न्हाई."

खुराकाचं त्याचं शास्त्र असं. शर्यतीच्या बैलाला रोज अंडी, दूध, उडदाचं पीठ घातलं तर तो अंग धरतो आणि सुस्तावतो. रोज कडबा, आणि यात्रा तोंडावर आली की खुराक. मग तो घाटात असा सुटतो की धुरळाच दिसतो. बैलाच्या बाबतीत हे खरंही असेल, त्याच्या बक्षिसाच्या ढाली साक्षीला होत्या. पण तेच त्यानं तांबड्याला लावलं. रोजच्या मंचरच्या फेरीला साधं पेट्रोल, आणि पंचाण्णव फक्त यात्रेला. पैशाचा प्रश्न नव्हता. पैशाचं भांडण मिटतं तरी. हे शास्त्राचं होतं.

मंचरला बाजाराबाहेरच्या चहाच्या टपरीवर या विषयाची रोज सभा भरायची. आमच्या तालुक्यात मोटार एकाकडं असते आणि मत सगळ्यांकडं. एक कांदा-अडत्या म्हणायचा, पेट्रोलात थोडं रॉकेल घाला, कोठा साफ राहतो. एकाचं म्हणणं, पहाटे भरा, तेव्हा पेट्रोल गार आणि घट्ट असतं. आणि पेट्रोलात आता उसाचं इथेनॉल असतं असं कुणी सांगितल्यावर तर मालकाची छाती फुगली. त्याचा ऊस कारखान्याला जात होता.

"म्हंजी घरचाच चारा की राव! घरच्या चाऱ्यानं कुणाचं पोट बिघडलंय का?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी एकटा म्हणालो, "झाकणावर पंचाण्णव हाय." तेव्हा टपरीवाला म्हणाला, "आबा, तुमी एकच ओवी किती दिवस म्हणणार?" लोक हसले. हसू देत. मी म्हणतच राहिलो.

पुढं तांबड्या चढाला लागला की आतून खडखड वाजायला लागला. डब्यात खडे हलवावेत तसा आवाज. मी बाजूच्या सीटवर होतो. सीट कसली, पाळणाच तो, उठायला दोन माणसं लागतात. मी म्हणालो, "मालक, हे वाजतंय काय?"

"घुंगरं," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा इतका खुलला की काय सांगू. "जोसात आला की बैल फुरफुरतो, तसा ह्यो वाजतोय."

मी हट्टानं त्याला वारूळवाडीच्या फिटरकडं नेला. फिटरनं दोन चकरा मारल्या आणि सांगितलं, "टर्बो हवा दाबून भरतो, आणि ह्या गाडीत दाब वाढवलेला हाय. साधं पेट्रोल त्या दाबानं ठिणगी पडायच्या आधीच पेटतं. तुमी ऐकताय ते आतनं घण बसत्यात. पंचाण्णवच घाला, नायतर पिस्टन जाईल."

मी मालकाकडं बघितलं. मालक फिटरला म्हणाला, "पावणं, तुमच्याकडं बैल किती?"

"एकबी न्हाई."

"तरीच," मालक म्हणाला आणि गाडीत बसला. त्या दिवशी आमचं भांडण झालं. मी त्याला अडाणी म्हणालो, त्यानं मला झाकणवाचू म्हटलं. दोन्ही बरोबर होतं.

यात्रेच्या दिवशी सकाळी मात्र तो माझ्या दारात हॉर्न वाजवत उभा. नवं धोतर, फेटा, कपाळाला भंडारा. म्हणाला, "बस. आज खुराक घातलाय." पंचाण्णव त्यानं भरलं होतं, पण निम्म्या टाकीत साधं होतंच. आणि इतके महिने आत घण बसले होते, ते एका दिवसाच्या खुराकानं थोडेच भरून निघतात? हे सगळं मी बोलणार होतो. पण त्याच्याकडं बघितलं आणि मुकाट्यानं पाळण्यात उतरलो.

घाटाकडं जाणारा कच्चा रस्ता शेवटाला उभा चढतो. दोन्ही अंगाला माणसं, टेम्पो, बैल. मालकाला बघून गलका झाला. "आला रं, गाडामालक आला!" त्यानं फेट्याला हात लावला आणि पाय दाबला. तांबड्या पहिल्यांदा खरोखरच सुटला. मला वाटलं, जिंकलं म्हातारं. मग आतून खाडकन आवाज आला, मागं निळा धूर निघाला आणि गाडी चढावर जागच्या जागी बसली.

मग कुणीतरी ओरडलं, "मालक, शेपटी पिरगाळा!" आणि सगळा घाट हसला. त्या हसण्यात मी नव्हतो. टपरीवरचे सगळे मतवाले आता माझ्या तोंडाकडं बघत होते. 'वर्षभर ओवी म्हटलीत, आता म्हणा की,' म्हणाले. मी म्हणालो, "पेट्रोल चांगलंच व्हतं. पिस्टन जुना झाला व्हता." मालकानं माझ्याकडं असं बघितलं की वाटलं, या खोट्यापेक्षा मी त्याला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

ट्रॅक्टरनं ओढून गाडी घरी आणली. संध्याकाळी मुलाचा फोन आला तो मीच उचलला. "गेली बाबा, आणि आलीही," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. ओढून का होईना, गेली होती आणि आली होती. मालकानं माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"आबा लबाड बोलतोय. चढावर बसली. मी हरलो. घ्यायला ये."

मी त्याला लई समजावलं. गाव गप्प बसेल, मी बसवतो, म्हणालो.

"आबा," तो म्हणाला, "माज्या बैलानं उभ्या जन्मात खोटी बारी घेतली न्हाई. घड्याळवाल्यानं चुकून बक्षीस दिलं तवा मी परत केलं व्हतं. आता ह्या वयात घिऊ व्हय?"

"आणि बाराव्या मजल्यावर करशील काय?"

"बगीन खालची गर्दी. कुठली गाडी काय खाती ते वरनं वळखता येतं का बगतो."

त्या आठवड्यात मुलगा आला. तांबड्याला भंगारवाल्याच्या ट्रकवर चढवताना मालक घरात होता, बाहेर आला नाही. निघताना मला म्हणाला, "झाकणवाचू, ये कधीतरी. तिथं वाद घालायला कोन न्हाई." आणि मी येतो म्हणायच्या आत मुलाच्या गाडीची काच वर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी जुनी मोपेड घेऊन मंचरच्या पंपावर गेलो. साध्याच्या रांगेत उभा राहिलो नाही, दुसऱ्या पाइपापाशी लावली. पंपावरची बाई म्हणाली, "आजोबा, हे पंचाण्णवचं हाय. एवढ्याशा गाडीला त्याचा काय उपयोग न्हाई बघा."

"मला ठाऊक हाय," मी म्हणालो. "भर टाकी."

तिनं भरली. मी टोपी नीट बसवली आणि पुण्याच्या रस्त्याला लागलो.