साखर ओळखणाऱ्या पेशी

निघाले त्या दिवशी पेणकरपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगखाली टॅक्सी उभी होती, बाबा डिकीत बॅगा कोंबत होते आणि आई माझ्या हातावर दही ठेवत होती. "पोचलीस की कळव. जेवलीस, आजारी पडलीस, सगळं कळव." मी कळवत राहिले. जर्मनीतल्या पहिल्या हिवाळ्यात ताप आला, तोही कळवला.

इथे लॅबमध्ये मी जनुकांची सर्किटं जुळवते. डीएनएचे तुकडे असे जोडायचे की साखर वाढली की पेशीतलं इन्सुलिनचं जनुक चालू व्हावं, उतरली की बंद. सांगायला सोपं. प्रत्यक्षात साखर नसतानाही ते थोडं चालूच राहतं, मग पुन्हा पहिल्यापासून. माणसापर्यंत पोचायला किती वर्षं लागतील, देव जाणे. आईला डायबेटिस आहे, म्हणून मी हे तिला दर वेळी बजावायचे. ती मान डोलवायची आणि सगळ्या विंगला सांगायची, "आमच्या पोरीचं औषध येतंय."

त्या भरवशावर या बाईने इन्सुलिन घेणं सोडलं. पायाची जखम चिघळली, अंगठा कापावा लागला. मला कोणी सांगितलं? शेजारच्या हंसाबेननी. दिवाळीला फोन केला तर म्हणाल्या, "ऑपरेशन के बाद मम्मी अब थोडा थोडा चलती है, टेन्शन मत ले, बेटा."

घरी फोन लावला. बाबा म्हणाले, "तू एवढी लांब. उगाच तुझ्या जिवाला घोर कशाला?" म्हणजे व्हिडिओ कॉलवर आईचा फक्त चेहरा दाखवायचा, आणि मी मूर्खासारखी "छान दिसतेस" म्हणायचं! ही कसली माया? लॅबच्या बशीतल्या पेशीला साखर वाढलेली कळते, पोटच्या पोरीला कळू द्यायची नाही. मागे राहिलेल्यांनो, तुम्ही आम्हाला पाहुणे करून टाकलंत. घरातलं दुखणं पाहुण्यांपासून झाकतात. आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, तुमच्या घरी सगळं ठीक आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

आई फोनवर आली आणि रडली. मी ओरडले, "माझं औषध येणार नाहीये! सुई घ्यायची. रोज, माझ्यासमोर."

आता तिच्या रात्रीच्या जेवणाआधी मी लॅबच्या जिन्यात फोन धरून उभी असते. ती पदर सारून पोटात सुई टोचते, माझ्याकडे न बघता. "टोचली. झालं समाधान?" आणि फोन ठेवते. माझा राग गेलेला नाही, तिचा रुसवाही नाही. इथले लोक विचारतात, घराची आठवण येते का? येते. घर म्हणजे आता एवढंच, रुसलेली आई आणि तिच्या पोटात गेलेली सुई.