गोटीरामशेठनी केलेला सत्कार

सीवूड्स स्टेशनच्या पलीकडे जुन्या गावठाणात गोटीराम भोईरांची चार मजली इमारत आहे. शेतं गेल्यापासून भाडेकरू हाच त्यांचा धंदा. मान होता, गाडी होती, फक्त इंग्रजी नव्हतं. आणि त्याची खंत मुलामुळे सुरू झाली.

मुलगा कुंदन हळदीची गाणी गातो. एकदा जेवताना तो म्हणाला, शुक्रवारी माझं सिंगल ड्रॉप होतंय. पोराचं गाणं पाडलं, अशा समजुतीनं गोटीरामांनी हात धुतला आणि स्टुडिओवाल्याला फोन लावून चांगलंच फैलावर घेतलं. ड्रॉप म्हणजे गाणं बाजारात येणं, हे कुंदननं समजावलं तेव्हा ते खजील झाले आणि दुसऱ्या मजल्यावरच्या संघमित्राकडे गेले. ती कॉलेजात इंग्रजी शिकवायची.

मग रोज संध्याकाळी शिकवणी सुरू झाली. अल्बम रिलीज होतो, गाणं हिट होतं, टूर अनाउन्स करतात. सगळ्यात त्यांना ‘ड्रॉप’ आवडला. नवा भाडेकरू आला की ते सांगत, तिसऱ्या मजल्यावर फॅमिली ड्रॉप केली.

अशात शेजारच्या सोसायटीनं त्यांना टेनिस स्पर्धेला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. संघमित्रानं घाईघाईत टेनिसचं इंग्रजी शिकवलं. सर्व्ह ब्रेक करतात, हे ऐकून गोटीरामांनी विचारलं, “सर्व ब्रेक? म्हंजे सगलाच मोडतान?” टेनिसमध्ये लव्ह म्हणजे शून्य, हे कळल्यावर त्यांच्या पत्नी मालतीबाई शांतपणे म्हणाल्या, आमच्या लग्नात तेच होतं.

फायनल रोहन आणि सुगत यांच्यात झाली. पहिला सेट संपला तसे शेजारी बसलेले सोसायटीचे सेक्रेटरी हळहळले, “सुगतनं सेट ड्रॉप केला.” गोटीराम उठून टाळ्या वाजवू लागले. सुगतनं दुसराही ड्रॉप केला आणि मॅच संपली, तेव्हा तर त्यांनी शिट्टीच मारली.

बक्षीस समारंभात त्यांनी माइक घेतला. “माझ्या कुंदनला एक ड्रॉप करायला वर्ष लागलं. या पोरानं एका सकाळीत दोन केले.” आणि मोठा कप त्यांनी सुगतच्या हातात दिला. जिंकलेला रोहन हात पुढे करून तसाच उभा राहिला. मग मघापासून मान खाली घालून बसलेला सुगतच आधी हसला, आणि हसता हसता खुर्चीवर बसला.

सोबत आलेल्या संघमित्रानं बाजूला नेऊन सांगितलं, सेट ड्रॉप करणं म्हणजे सेट हरणं. गोटीराम घरी येऊन जेवले नाहीत. शब्दानं आपल्याला फसवलं, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

“काका, शब्द तोच आहे,” संघमित्रा म्हणाली. “गाण्याशी सोयरीक झाली की तो गुणाचा, सेटशी झाली की घर बुडवतो.”

हे मात्र त्यांना पटलं. त्यांच्या दोन मेहुण्यांचं तसंच झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सुगत कप रोहनकडे पोचवून गोटीरामांकडे आला. हरल्यावर इतकं कौतुक आपलं कुणी केलं नव्हतं, म्हणाला. चहा पिऊन त्यानं कुंदनचं गाणं ऐकलं, आणि बहीण दीक्षाच्या लग्नात गायचं आमंत्रण देऊन गेला. गोटीरामांनी त्याला गेटपर्यंत सोडलं. परत वर आले, तर मालतीबाई चष्मा लावून संघमित्रासमोर बसल्या होत्या आणि लव्हचे आणखी काय काय अर्थ होतात ते विचारत होत्या.