बोंबील माझ्याशी बोलत नाहीत

शिरगावचे बोंबील बोलू लागले, याला माझी बायको जबाबदार होती.

सुमन मुलांसाठी गोष्टी लिहायची. तिच्या गोष्टीत बोईसरची शिफ्टची बस चंद्रावर जाऊन दुसऱ्या पाळीच्या आत परत यायची. मी पालघरच्या शाळेत विज्ञान शिकवायचो आणि घरी तिच्या कागदांवर लाल पेनाने लिहायचो, ‘इंधन कुठून आणले?’ (तरीही संसार टिकला, हीच तिची सगळ्यात मोठी जादू!)

घरात अजून टीव्ही आला नव्हता. संध्याकाळी कोळीवाड्यातली पोरं आमच्या ओटीवर जमायची. एकदा तिने सांगितलं, बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीने वाळत घालतात, ते त्यांनी समुद्राची गुपितं फोडू नयेत म्हणून! जोडी सोडवली की बोंबील कानात परीक्षेचे प्रश्न सांगतो.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काशीबाईंच्या वाळवणाच्या दोऱ्या रिकाम्या! अर्धे बोंबील वाळूत, वर कावळे, आणि प्रत्येक पोराच्या कानाला एकेक बोंबील!

“बाय, तुजी गोष्ट माज्या पोटावर आली!” काशीबाई कडाडल्या. “आजपासून एक पोर तुज्या ओटीवर येनार नाय!”

सुमनने कागद बाजूला ठेवले. ऐकायला पोरंच नसतील, तर लिहायचं कोणासाठी? ‘मी आहे ना’ म्हणावं, तर माझ्या हातात लाल पेन!

शेवटी मी विज्ञानाला हाक मारली. पोरांना किनाऱ्यावर गोळा करून म्हणालो, “बोंबील बोलत नाही.”

“सर, तुमी आयकून बगितलं?”

पुरावा हवाच. एक ओला बोंबील उचलून कानाला लावला, डोळे मिटले. पाणी कॉलरमधून थेट बनियनपर्यंत!

“मास्तर, तुमी पन?” मागे काशीबाई उभ्या. त्या इतक्या हसल्या की वाळूतच बसल्या, मग आमच्या ओटीकडे तोंड करून ओरडल्या, “बाय, बग तुजा नवरा! याला तरी पेपर सांगा रं कोनी!”

राग तिथेच विरला. सगळ्यांनी मिळून उरलेले बोंबील धुऊन पुन्हा टांगले, पोरं ओटीवर परतली. सुमनने गोष्टीला शेवट जोडला: मास्तर जवळ आला की बोंबील गप्प होतात. त्याखाली मी लाल पेनाने लिहिलं, ‘सिद्ध करा.’

तिथे एकदा तरी ‘छान’ लिहायला हवं होतं.

सुमन गेली. परवा किनाऱ्यावर, कोणी बघत नाही असं पाहून, मी टांगलेल्या एका बोंबलाला कान लावला. तिचा काही निरोप असला तर!

“काय मास्तर, काय बोलतो?” काशीबाई आता काठी टेकत येतात, पण येतात नेमक्या वेळी.

“काही नाही.”

“कसा बोलंल? आदी खिशातला लाल पेन काडा!”

काढलं. हातातल्या पिशवीच्या तळाशी ठेवलं. पुन्हा कान लावला. बोंबील गप्पच.

सुमन, सिद्ध झालं.