नावाचा निकाल देणारे मासाळ सर

सर्पमित्रांच्या ग्रुपवर कुणी फोटो टाकून 'विषारी सापाची नवी जात सापडली, आमदारसाहेबांचं नाव देत आहोत' असं जाहीर केलं, की पाच मिनिटांत मासाळ सरांचा आवाज उमटायचा. "नमुना कुठाय? खवलं मोजलं का? वर्णन कुठं छापलं? न्हाई? मग ते नाव न्हवं गड्या, वाढदिवसाचा बोर्ड हाय."

सर सांगलीच्या कॉलेजात आम्हाला प्राणिशास्त्र शिकवायचे. जतकडच्या मेंढपाळाच्या घरातले. लॅटिन नावं अशी घ्यायचे, जणू कळपातल्या मेंढ्यांना हाका मारतायत. सापांच्या नावांबाबत त्यांचा कायदा एकच: "जे पयलं रीतसर छापलं, ते खरं. मागनं कितीबी गोड नाव ठेवा, ते रद्द." उदाहरण ठरलेलं, फुरशाचं. "पयल्या गड्यानं ह्याला भलत्याच घरात, म्हंजे भलत्याच प्रजातीत, घातलं. दुसऱ्यानं घर बदललं. म्हंजे आडनाव तेवढं बदललं. सासरी गेलं म्हणून फुरसं आपलं नाव बदलत न्हाई, पोरींनो!"

पोरी खिदळायच्या. मी मात्र नाव बदलायला टपलेलीच होते. तीन मुलींवर चौथी मी; आता मुलगी नको म्हणून घरच्यांनी ठेवलं नकुशा. लग्नात साताऱ्याच्या नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं 'मोहिनी' लिहिलं, तेव्हा मी अशी लाजले की जणू डॉक्टरेटच मिळाली. पुढे महिनाभर सासूबाईंनी 'मोहिनी' अशी हाक मारली की ही बया मान वळवून बघायची, कोण बाई आलीय म्हणून! आता मला दोन नाती आहेत, पण त्या ध्यानाला अजून टपली मारावीशी वाटते.

लग्नानंतरही सरांच्या हाताखाली माझं काम चालू होतं. फुरशाला आजवर मिळालेल्या नावांपैकी ग्राह्य कुठलं, रद्द कुठली, यावर आम्ही दोघांनी लेख लिहिला. छापखान्यातून कच्ची प्रत आली. वर दोन नावं: दिनकर मासाळ आणि नकुशा.

"सर, तिथं मोहिनी करा."

"का गं? पयलं नाव नकुशा. कायदा आत तूच लिवलायस की, बारा पानं!"

"नाव वाईट आहे, सर."

"वाईट हाय म्हणून रद्द होत न्हाई. भलत्याच मुलखाचं नाव चिकटल्यालं साप हायत. बदललं का कुणी?"

मी हट्टाला पेटले. तावातावानं भांडता भांडता मध्येच बोलून गेले, "माझ्या आईबापाला मी नको होते, हे तुम्ही छापून जगभर वाटणार?"

 सरांनी चष्मा कपाळावर चढवला. मग एकदम वकिलासारखी उलटतपासणी सुरू.

"नकुशा कुठं लिवलंय?"

"शाळेच्या दाखल्यावर."

"हातानं का छापील?"

"हातानं."

"हातानं लिवल्यालं प्रसिद्ध धरत न्हाईत. आनि मोहिनी?"

 "भांड्यांवर घातलंय, सर. तारखेसकट."

"किती नग?"

"पाच ताटं, दोन पातेली, एक बंब."

"आठ प्रती! तारखेसकट!" सरांनी टेबलावर थाप मारली. "मग मोहिनीच ग्राह्य. नकुशा कवा प्रसिद्धच झाली न्हाई." आणि लाल पेनानं ते नाव खोडून टाकलं.

आपण कायद्यानं जिंकलो, या तोऱ्यात मी एसटीनं साताऱ्याला आले. कित्येक वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला तो विजय ऐकवला. पुढे स्वतः शिकवायला लागले, प्राण्यांना नावं देण्याच्या नियमांचं पुस्तक पहिल्यांदा धड वाचलं, आणि कपाळावर हात मारला. भांड्यांवर घातलेलं नाव कुठल्याच कलमात बसत नाही. आणि नकुशा तर चांगली छापलेली होती. बी.एस्सी.ला पहिली आले तेव्हा पेपरात नाव आलं होतं. ते कात्रण विभागाच्या फळ्यावर कुणी लावलं होतं? मासाळ सरांनीच!

गेल्या वर्षी सर गेले. त्याच्या महिनाभर आधी मी त्यांना भेटायला गेले होते. अंथरुणाशी बसून म्हटलं, "सर, तुम्ही तेव्हा साफ खोटा निकाल दिलात."

डोळे मिटूनच म्हणाले, "गप गं, मोहिनी. अपिलाची मुदत कवाच संपली."