पाळण्यावर वाकलेली बाई

सांगायचीही लाज वाटते, पण तुम्ही घरचेच, म्हणून सांगते. हातातला कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी ऐकणाऱ्या मैत्रिणीने चहा माझ्याच कुर्त्यावर सांडला होता.

माझी नोकरी मालाडला. काम काय, तर सॉफ्टवेअर कसं वापरायचं त्याची पुस्तिका बनवायची. स्क्रीनशॉट काढायचा, त्यावर लाल बाण, लाल गोल, 'इथे क्लिक करा'. दिवसभर हेच. आता भाजीवाल्याकडे किडकं वांगं दिसलं तरी माझ्या मनात त्याच्याभोवती लाल गोल पडतो.

रेवा आठ महिन्यांची. मी कामावर परतले तेव्हा बोरिवलीच्या घरी तिच्याजवळ सासूबाई राहिल्या, आणि पाळण्यासमोर कॅमेरा. तो हट्टाने मीच लावून घेतला. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एका कोपऱ्यात घरचं दृश्य सदा चालू. आणि खरं सांगू? मी त्याचेही स्क्रीनशॉट काढायचे. पाळण्यात उशी? बाण. खिडकी उघडी? गोल. मग नवऱ्याला पाठवायचे, 'बघ, तुझी आई.' तो बिचारा नुसता अंगठा पाठवायचा. त्या अंगठ्याचा अर्थ मला कधी कळला नाही.

त्या दुपारी आई, म्हणजे सासूबाई, पाळण्यावर वाकलेल्या दिसल्या, पाठमोऱ्या. रेवाचं पांघरूण थेट नाकापर्यंत! मी लगेच स्क्रीनशॉट काढला. बाण काढणार, तेवढ्यात साहेबांनी बोलावलं. घाईत कुठलं तरी बटण दाबलं आणि पळाले.

पाऊण तासाने परत आले. आई तशाच वाकलेल्या.

तशाच म्हणजे अगदी तशाच. बोटंसुद्धा तिथेच. पांघरुणाखाली रेवाची हालचाल नाही. पाळण्यावर टांगलेली कापडी चिमणी पंख्याच्या वाऱ्याने कधी थांबत नाही, तीही हवेत तिरकी अडकलेली. कोपऱ्यातली वेळ तीन बारा. माझ्या मनगटावर चार वाजायला आले होते. शहाण्या माणसाला इथेच कळलं असतं. मला काय वाटलं? जिथे असलं काही असतं, तिथे घड्याळं बंद पडतात.

मी घरी फोन लावला.

"काय गो?" आई म्हणाल्या. मागे कुकरची शिट्टी.

"आई, कुठे आहात तुम्ही?"

"सैपाकघरात. डाळ लावलीय."

"आणि रेवा?"

"ही काय, माझ्या कडेवर. शिट्टी ऐकून हसता बघ."

फोनमध्ये रेवा खरंच खिदळली. मग पाळण्यात कोण होतं?

मी आवाज अगदी खाली आणला. "आज साडी कुठली नेसलायत?"

"हिरवी. का गो?"

पडद्यावरची बाईही हिरव्या साडीत होती.

मी म्हटलं, खोलीत डोकावू नका, मागे वळू नका, रेवाला घेऊन जिन्यात जा. आमच्या आई मालवणकडच्या. असल्या बाबतीत त्या कारणं विचारत नाहीत. पाच मिनिटांत समोरच्या काकू आणि काठी घेतलेला वॉचमन हजर. आईंनी फोन काकूंच्या हाती दिला आणि त्या दोघांना आत पाठवलं.

मी एका कानात हेडफोन घातला होता. कॅमेऱ्यातून खोलीतले आवाज येत होते. दार करकरलं. चपला घासत आल्या. काठी फरशीवर टेकली. पण चित्रात कोणीच आलं नाही. ती बाई एकटीच, पाळण्यावर वाकलेली.

"इथे कोणी नाही," काकूंचा आवाज दोन्ही कानांत.

"काकू, पाळण्यापाशी बघा," मी कुजबुजले. "तिथेच आहे ती."

चपला पुन्हा घासल्या. काकू हळूच म्हणाल्या, "अगं, पाळण्यापाशी तर मी उभी आहे."

माझ्या तोंडून काय आवाज निघाला कोण जाणे, पण शेजारच्या टेबलावरची मृणाल धावत आली. तिने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माउस घेतला आणि त्या बाईला धरून सरळ बाजूला ओढलं. बाई, पाळणा, चिमणी, सगळी खोलीच सरकली! खाली दुसरी खोली निघाली. रिकामा पाळणा, गरगर फिरणारी चिमणी, आणि कॅमेऱ्याला डोळे लावून बघणारे काकू आणि वॉचमन.

"स्क्रीनशॉट पिन करून ठेवलायस यार तू," मृणाल म्हणाली. "बरोब्बर कॅमेऱ्याच्या खिडकीवर. गेल्या आठवड्यात तूच शिकवलंस ना आम्हाला?"

शिकवलं होतं. काढलेलं चित्र पडद्यावर चिकटवून ठेवणाऱ्या त्या बटणावर पुस्तिकेत आख्खं एक पान आहे. लाल गोलासकट. मीच लिहिलेलं.

संध्याकाळी घरी पोचले तर आईंनी मीठमोहऱ्या तयार ठेवलेल्या. आधी रेवाची दृष्ट काढली, मग पाळण्याची, मग माझी. आता खोटं बोलवेना. मी सगळं सांगून टाकलं. बाई तुम्हीच होतात, आणि मी तुमच्या चुका टिपत होते. पांघरुणाची सुद्धा.

रेवाला थोपटत आई म्हणाल्या, "अगो, मी तां पांघरूण खाली ओढत होतंय. तिनेच लाथा मारून नाकावर घेतलेलां."

मी पाळण्यासमोर मान खाली घालून उभी. तेवढ्यात माझा फोन वाजला. नवरा अजून ऑफिसात, आणि कॅमेरा त्याच्याही फोनवर दिसतो, ऐकूही येतो, हे मी साफ विसरले होते. त्याने स्क्रीनशॉट पाठवला होता. त्यात मी, मान खाली. माझ्याभोवती लाल गोल, शेजारी बाण, आणि खाली लिहिलेलं: 'सापडली. हीच ती बाई.'

मी अंगठा पाठवला.